लुफ्टेन म्हणजे काय, सर?

घणसोली गावातल्या मढवींच्या नमिताला जर्मन येतं, ह्याचं गावाला कौतुक कमी आणि कोडंच जास्त होतं. "त्या भाषंत बोलनार कोनाशी?" असं तिचे वडील कमळाकर विचारायचे. बोलायची ती कुणाशीच नाही. वाशीच्या एका भाषांतर कचेरीत सहा वर्षं ती जहाजाच्या डेकवरच्या यंत्रांची जर्मन पुस्तकं इंग्रजीत आणत होती. नांगर ओढायचं विंच, साखळी अडवायचा स्टॉपर, दोर बांधायचे खुंट. शब्द अडला की न्हावा शेव्याच्या बंदरात जाऊन फिटर लोकांना विचारून यायची. तिथल्याच एका दुरुस्ती कंपनीत तिनं धाकट्या भावाला, मिथुनला, चिकटवलं होतं.

मग मालक नंदकुमार सरांनी भाषांतराचं सॉफ्टवेअर घेतलं आणि नमिताकडे नुसती तपासणी उरली. एका विंचच्या पुस्तकात ब्रेकबद्दल 'लुफ्टेन' हा शब्द होता. घरात लुफ्टेन म्हणजे खिडक्या उघडून हवा देणं. पण ब्रेकच्या बाबतीत, ब्रेक सोडणं. सॉफ्टवेअरनं लिहिलं, 'एअर द ब्रेक'. नमितानं ते लाल पेनानं खोडून 'रिलीज' केलं, शेजारी 'धोका' लिहिलं.

"आज फाइल जायचीय, नमिता. एवढ्यानं काय जहाज बुडतंय?" सर म्हणाले, आणि त्याच पानावर 'जाऊ दे' लिहून त्यांनी सही ठोकली.

तीन महिन्यांनी ते पुस्तक मिथुन दुरुस्तीला होता त्याच जहाजावर पोचलं. हवा द्यायची म्हणजे ब्रेक थंड करायचा, असं समजून मुकादमानं ब्रेकचं चाक फिरवलं. साखळीला स्टॉपर लावलेला नव्हता. ब्रेक सुटला, नांगर धडधडत खाली गेला, आणि साखळीला ग्रीस लावणाऱ्या मिथुनच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

अपघाताची चौकशी बसली, तिथे नंदकुमार सरांनी कळवलं: चूक तपासणाऱ्या बाईंची, त्यांना आम्ही काढलंय.

तपासलेली पानं नमिता घरी जपून ठेवायची. सहीचं पान तिच्याकडे होतं. त्याच दिवशी दाखवलं असतं, तर सर 'नजरचूक झाली' म्हणून सुटले असते. तिला ते सुटायला नको होते. रोज सकाळी मिथुनचं ड्रेसिंग करायची, हात धुवायची, आणि सरांच्या कचेरीतून गेलेलं एकेक पुस्तक बंदरातल्या फिटर लोकांकडून मिळवून मूळ जर्मनशी ताडायला बसायची. नऊ आठवड्यांत अशा सदतीस चुका सापडल्या. प्रत्येक चूक सापडली की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय ह्याची लाजही वाटत नव्हती.

शेवटच्या सुनावणीला विंच बनवणाऱ्या कंपनीचा जर्मन इंजिनीअर आला होता. नमिता उभी राहिली.

"सर, लुफ्टेन म्हणजे काय?"

"हवा देणं," नंदकुमार बेफिकिरीनं म्हणाले.

"ब्रेकच्या बाबतीत?"

सर समोरचे कागद चाळायला लागले. तिनं तोच प्रश्न इंजिनीअरला जर्मनमध्ये विचारला. त्यानं उत्तर दिलं, तसं तिनं सहीचं पान टेबलावर ठेवलं आणि त्यावर सदतीस पानांचा गठ्ठा.

महिन्याभरात जहाजांचं सगळं काम सरांच्या हातून गेलं. एका रविवारी ते घणसोलीला, मढवींच्या दारात आले. "त्या सदतीस चुका अनवधानानं झाल्या, एवढं लिहून दे. वीस वर्षांची कचेरी बंद पडतेय."

"बसा," नमिता म्हणाली. तिनं आतून मिथुनला हाक मारली. "हे नंदकुमार सर. हात मिळव त्यांना."

मिथुननं उजवा हात पुढे केला. एक अंगठा आणि तळवा. सरांना तो धरता येईना, सोडताही येईना. नमिता त्यांच्या तोंडाकडे डोळे भरून पाहत राहिली.

"मी काही लिहून देणार नाही. या तुम्ही."

सर गेल्यावर मिथुन म्हणाला, "बाय, माजा हात काय लोकांना दाखवाला ठेवलाय?"

चार दिवस त्यानं तिला हाताला मलम लावू दिलं नाही. पाचव्या दिवशी डाव्या हातानं सही गिरवायला बसला, तेव्हा कागद हलू नये म्हणून त्यानं तिला तो धरायला सांगितलं.

कचेरी दिवाळीआधी बंद झाली. त्या इंजिनीअरच्या कंपनीची पुस्तकं आता नमिता करते. नंदकुमार सरांचं वाईट वाटतं का, असं कमळाकरांनी एकदा विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.