भांडायला निघालो, खरबूज घेऊन

मी पगार घेऊन संशय घेतो.

सुरतेत, लिंबायतला, लूमच्या एका खात्यात मी कापड तपासायला असतो. (खातं म्हणजे माग चालतात ती शेड. बँकेतल्या खात्यात माझं काही चालत नाही.) मागावरून उतरलेला तागा टेबलावर ओढायचा आणि कुठे तार तुटली, कुठे तेलाचा डाग पडला, कुठे भोक आहे, ते हुडकायचं. चांगलं कापड मला दिसतच नाही. माझ्या लग्नात मधे अंतरपाट धरला, तेव्हा मंगलाष्टकं ऐकायची सोडून मी त्यातली तुटकी तार शोधली आणि भटजींना दाखवली! पलीकडे उभी असलेली नवरी म्हणजे आमची मंगल. तिचा तेव्हाचा राग अजून उतरलेला नाही.

तर असा माणूस सुट्टीवर गेला की काय होतं? खातं बंद होतं, संशय चालूच राहतो.

यंदा आखाजी नेमकी रविवारी आली. आखाजी, म्हणजे पुस्तकातली अक्षय तृतीया, हा आम्हा खान्देशी माणसांचा दिवाळीच्या वरचा सण. निम्मे कामगार गावाला पळतात, माग थंड पडतात आणि लिंबायतमध्ये अचानक एकमेकांचं बोलणं ऐकू यायला लागतं. एरवी ऐकू येत नाही, म्हणून बरं चाललेलं असतं. शिवाय तो उकाडा! सुरतेच्या उन्हाळ्यात नुसतं ऊन नसतं, त्यात ओल असते. पंखा लावला तरी गरम भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येते. अशा हवेत डोकं आधीच तापलेलं, त्यात तपासायला कापड नाही.

आणि शुक्रवारी दुपारी वैशू आली.

वैशू म्हणजे आमची एकुलती एक लेक. गेल्या हिवाळ्यात तिचं लग्न झालं, कामरेजला दिली. लग्नानंतरची पहिली आखाजी. पहिल्या आखाजीला माहेरचं माणूस लेकीला आणायला जातं, ही आमची रीत. मी शनिवारी जाणार होतो. त्यासाठी शर्टाला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती. आणि ही एक दिवस आधी, एकटी, शटल रिक्षातून उतरली! सोबत दोन मोठ्या बॅगा.

“अगं, मी येणार होतो ना उद्या?”

“म्हटलं, तुम्हाला कशाला उन्हात त्रास, आप्पा.”

मला त्रास नको म्हणून माझ्या घरातल्या कुणी आजवर काही केलेलं नाही. माझा पहिला संशय तिथे जागा झाला.

बॅगा मी उचलल्या. एक इतकी जड की खांदा निखळायची वेळ. दोन दिवसांच्या माहेरपणाला दोन साड्या लागतात, दोन पोती नव्हे! वैशू पाणी प्यायला आत गेली, तसा मी बॅगेवरून नुसता हात फिरवला. (चेन उघडली नाही. दुसऱ्याची बॅग उघडणं असभ्य. चाचपणं हा माझा धंदा आहे.) आत काहीतरी जाडजूड, वेटोळं घातलेलं लागलं. बाजूने चेन जराशी फाटली होती, तिथून डोकावलो. दोरखंड! चांगला मनगटाएवढा!

माझ्या लेकीला सासरी बांधून ठेवत होते की काय? आणि पोरगी पुराव्यासकट पळून आली की काय?

रात्रीच्या जेवणाची वाट कोण बघतो? मी तिला चहालाच गाठलं.

“सासू कशी आहे गं?”

“छान आहेत.”

उत्तर फार लवकर आलं. तपासायच्या टेबलावर ताग्याचा एकच तुकडा जास्त स्वच्छ दिसला, की समजायचं, तिथला तेलाचा डाग कुणीतरी धुतलाय.

“आणि जावईबापू?”

“तेही छान आहेत.”

“मग तू एकटी कशी आलीस?”

“आप्पा, चहा गार होतोय.” एवढं बोलून ती आईकडे बघून हसली. मंगलही हसली. मी पाहिल्यावर दोघी एकदम गप्प झाल्या. नंतर स्वयंपाकघरातून कुजबुज सुरू झाली. मी बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, मागायच्या निमित्ताने आत गेलो की बंद, बाहेर आलो की सुरू. शेवटी मी जावयाला फोन लावला. रवींद्र तसा सरळ मुलगा.

“पोहोचली का वैशाली? बरं झालं,” तो म्हणाला, आणि हसू दाबल्याचा आवाज आला. “आता रविवारी बघू काय होतं ते.”

रविवारी काय होणार होतं? मी विचारेपर्यंत त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्या गोळा करायला मला पाठवलं. जिना चढतोय तोच वरून वैशूचा आवाज आला. ती पाण्याच्या टाकीमागे फिरत फिरत फोनवर कुणाशी तरी बोलत होती, अगदी हळू आवाजात आणि चक्क अहिराणीत. वैशू माझ्याशी मराठीत बोलते, मैत्रिणींशी गुजरातीत आणि रिक्षावाल्यांशी हिंदीत. अहिराणीवर ती फक्त मनापासून बोलायचं असेल तेव्हा येते. मी पायरीवरच थबकलो.

“सासू मनी खाष्ट वं माय, शिळी देस भाकर, पानी देस मोजीसन, चाम्हा नही साखर!”

ज्या पोरीला मी कधी शिळं खाऊ दिलं नाही, तिला शिळी भाकर! पाणी मोजून! चहात साखर नाही! या उकाड्यात!

“थांब, पुन्हा सांगते,” ती फोनवर म्हणाली, आणि तेच पुन्हा सांगितलं. मग पुढचं: “गिरनी चाले दिनभर वं माय, दुखतस मना हात, नवरा म्हने ‘माय बरोबर’, देये ना मनी साथ!”

भाकर-साखर, हात-साथ जुळतंय, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण मला वाटलं, शिकलेली पोर, दुःखसुद्धा नेटकं मांडणार. आणि गिरणीचा मुद्दा तर पक्का होता, कारण विहीणबाईंची कामरेजला पिठाची गिरणी आहे. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच चालवतात. म्हणजे माझ्या लेकीला दिवसभर गिरणीवर राबवत होत्या! माझे डोळे भरून आले. मी बिबड्या तिथेच टाकून खाली आलो. (त्या मग कबुतरांनी खाल्ल्या. त्याचं मी रविवारपर्यंत ऐकलं.)

मंगलला काही विचारण्यात अर्थ नव्हता. ती कटात सामील होती. शनिवारी सकाळी मी सरळ तिच्या भावाला, गोकुळला गाठलं. गोकुळ रिक्षा चालवतो आणि कुठल्याही भांडणाला भाडं न घेता येतो.

“दाजी, आपली पोर शे ती!” तो उसळलाच. “आत्ता चला. दाखाडतो त्यांना!”

निघालो. पण गल्लीच्या तोंडाशी फळांची गाडी दिसली आणि त्याने रिक्षा थांबवली.

“आता काय?”

“दाजी, आखाजीना सण. याहीनना घर रिकाम्या हाताने जायचं? लोक काय म्हणतील?”

(याहीन म्हणजे विहीण, याही म्हणजे व्याही.) मुद्दा बिनतोड होता. भांडण आपल्या जागी, रीत आपल्या जागी. मी एक खरबूज घेतलं. ते कामरेजपर्यंत मी मांडीवर धरून बसलो होतो. हायवेवर तापलेला वारा, रिक्षाची सीट तव्यासारखी, आणि मी खरबूज कवटाळून तोंडातल्या तोंडात आरोप घोकतोय. एखादा विसरायला नको म्हणून जसेच्या तसे, ओळीने पाठ केले.

विहीणबाई गिरणीतच होत्या. नखशिखांत पिठाने पांढऱ्या.

“अरे, याही! या, या. एवढ्या उन्हात?” त्यांनी स्वतः माठातलं पाणी आणलं, दोन तांबे भरून. “घ्या, आणखी घ्या.”

मी गोकुळकडे बघितलं. गोकुळने माझ्याकडे बघितलं. पाहुण्यासमोर मोजत नाहीत, असं आमचं दोघांचं ठरलं. मग चहा आला. इतका गोड की चमचा उभा राहावा. म्हणजे साखर घरात होती, फक्त माझ्या पोरीला मिळत नव्हती! माझा तोल सुटला. मी उभा राहिलो. खरबूज हातातच राहिलं.

“याहीनबाई, आम्ही पोर दिली, मोलकरीण नाही दिली!”

“काय झालं?”

“काय झालं? ऐका!” आणि मी घोकलेलं सगळं घडाघडा म्हटलं. भाकर, पाणी, साखर, गिरणी, हात, रवींद्रची साथ. काहीही गाळलं नाही.

त्यांनी गिरणी बंद केली. विहीणबाईंच्या चेहऱ्यावरचं काही कळेना, कारण त्यावर पीठ होतं. त्या माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “पुढे?”

“पुढे काय?”

“पुढलं कडवं पाठ शे का तुम्हले?”

“कडवं?”

त्यावर त्या जे हसल्या! गिरणीच्या पट्ट्याला धरून हसल्या, पीठ उधळत हसल्या. आतून रवींद्र धावत आला. त्याने सगळं ऐकलं आणि तोही खाली बसला.

मग मला जे कळलं ते असं. आखाजीला लेकी झोक्यावर बसून सासरच्यांचा गाण्यातून उद्धार करतात, आणि दोन बाजूंच्या बाया समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना गाण्यांनी झोडपतात, ही गावाकडची जुनी रीत. मी ती लहानपणी पाहिलेली. पण लिंबायतमध्ये झाड कुठे आणि झोका कुठे? आमच्या गल्लीत ती कधीच बंद पडली होती. आमच्यासाठी आखाजी म्हणजे आमरस खायचा आणि पत्ते कुटायचे. यंदा मात्र बायांनी ठरवलं, टाकीच्या लोखंडी अँगलला झोका बांधायचा आणि आमच्या गच्चीने समोरच्या गच्चीशी लढायचं. समोरच्या गल्लीत विहीणबाईंचं माहेर, त्यामुळे त्या तिकडून! थोडक्यात रविवारी सून विरुद्ध सासू. दोरखंड खुद्द सासूने आपल्या विहिरीवरचा काढून दिला होता. सराव करता यावा म्हणून सुनेला एक दिवस आधी सोडलंही तिनेच.

“आणि पुरुषमाणसांना सांगायचं नाही, असं ठरलं होतं,” रवींद्र डोळे पुसत म्हणाला. “मला चुकून कळलं.”

“का नाही सांगायचं?”

“त्यांच्या पोटात राहत नाही म्हणून,” विहीणबाई म्हणाल्या, आणि माझ्या हातातलं खरबूज अलगद काढून घेतलं. “सुनेनं माझ्यावर काय रचलंय ते कळावं म्हणून मी आठवडाभर जीव टाकत होते. पोरीने पत्ता लागू दिला नाही. तुम्ही घरपोच आणलंत!”

खरं सांगतो, आधी मला फक्त आनंद झाला. माझी पोर सुखात होती. एवढं हलकं मला तिच्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. परतताना निम्म्या हायवेपर्यंत मी शिट्टी वाजवत होतो. मग गोकुळने आरशातून बघत विचारलं, “दाजी, वैशूला काय सांगायचं?” आणि शिट्टी थांबली.

“काही नाही. याहीनबाईंनी शब्द दिलाय, कुणाला सांगणार नाही म्हणून.”

“आणि तुम्हाला तो खरा वाटला?”

माझ्याच धंद्यात असा विश्वास मी कधी कुठल्या ताग्यावर ठेवला नाही.

रविवारी ऊन कलल्यावर दोन्ही गच्च्या बायांनी भरल्या. पुरुषांना जिन्याजवळ जागा. वैशू झोक्यावर चढली, उंच झोका घेतला आणि भाकर-साखर म्हटलं. आमच्या गच्चीवर एकच जल्लोष. समोरून विहीणबाईंनी पदर खोचला आणि एक क्षण न थांबता उत्तर फेकलं:

“भाकर शिळी म्हनस पोरी, उठस तू दुपारी, ताजी भाकर थांबी का वं, तूच सांग बिचारी!”

समोरची गच्ची नाचायला लागली. साखरेला उत्तर तयार, गिरणीला उत्तर तयार, रवींद्रच्या साथीलासुद्धा उत्तर तयार! वैशूचा झोका मंदावत मंदावत थांबला. तिने आधी मैत्रिणींकडे बघितलं. मग आईकडे. मग सावकाश जिन्याकडे. ती नजर मी ओळखली. ती माझीच होती, टेबलावरची. गोकुळ आभाळाकडे बघत पाऊस कधी येणार याचा अंदाज घेऊ लागला.

“आप्पा,” वैशू झोक्यावरूनच म्हणाली, “काल दुपारी तुम्ही कुठे होतात?”

“मी? खरबूज आणायला गेलो होतो.”

“मग खरबूज कुठंय?”

उत्तर समोरच्या गच्चीवर होतं. विहीणबाईंनी खरबुजाची फोड उंच धरून दाखवली, दिलेला शब्द अक्षरशः पाळला, कुणालाही काही सांगितलं नाही. फक्त गायल्या:

“याही मना चेकर वं बाई, कापडम्हा काढे खोट, खरबूज लिसन उना भांडाले, हलकं करी गया पोट!”

(खरबूज घेऊन भांडायला आला आणि पोटातलं सगळं सांगून गेला, तो मी!) दोन्ही गच्च्यांनी ते उचललं. वैशूनेही, झोक्यावरून, सगळ्यात मोठ्याने. मंगल तर रडेपर्यंत हसली. अंतरपाटाचा राग त्या दिवशी उतरला असावा.

सोमवारी खातं सुरू झालं, तेव्हा ते गाणं माझ्या आधी पोहोचलेलं होतं. आता माग चालू असले तरी मला ते ऐकू येतं. सवयीप्रमाणे मी ते टेबलावर घेतल्यासारखं या टोकापासून त्या टोकापर्यंत कसून तपासलं. कुठे तार तुटलेली नाही, डाग नाही, भोक नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हाताखालून निर्दोष माल गेला, आणि तो माझ्यावरच विणलेला!