रद्दी नावाचा फोल्डर

आमच्या पिढीच्या बायकांना चांगली वस्तू चिंध्यांत गुंडाळून ठेवायची खोड. माझ्या पाटल्या कित्येक वर्षं तुरीच्या डाळीच्या डब्यात होत्या. चोर डाळ नेत नाही, हा माझा सिद्धांत. कंप्युटरवरही मी तेच केलं.

साठी उलटल्यावर पुण्याच्या नातीनं मला पाककृतींची वेबसाइट काढून दिली. येसर मसाल्याची आमटी, धपाटे, चुरमुऱ्यांचा सुशीला, असं आपल्याकडचं. लिहायचे मी, वाचून रेकॉर्ड करायचे आमचे हे. आवाज त्यांचा लई गोड. पण घर चिकलठाण्याला, विमानतळाजवळ. डोक्यावरून विमान गेलं की वाचन थांबायचं, तोंड नाही.

"विमान जाऊ द्या मंडळी. तोवर सांगतो, ह्या बाईची लग्नानंतरची पहिली आमटी आम्ही सुरीनं कापून खाल्ली."

"अहो, चालू आहे ते!"

"व्हय? मग कळू दे की लोकांना."

मी असले तुकडे कापून टाकायचे. काय तो थाट तेव्हा माझा! नाकावर चष्मा, कपाळाला आठी, जणू आकाशवाणीच चालवत होते. कापलेलं फेकवेना, म्हणून एका फोल्डरात ठेवलं आणि त्याला नाव दिलं 'रद्दी'. नात उघडून बघणार नाही, झालं.

मग हे गेले. दोन वर्षं मी तो आवाज ऐकला नाही. धीर होत नव्हता. ऐकू कधीतरी, पळून थोडंच जातंय, असं म्हणत राहिले. मधे जुना कंप्युटरही भंगारात दिला. सगळं वेबसाइटच्या खात्यात होतंच ना.

एकदा होस्टिंगवाल्यांची, म्हणजे वेबसाइटला जागा भाड्यानं देतात त्यांची, मेल आली. खातं फुगलंय, बॅकअप, म्हणजे सगळ्याची जादा प्रत, होत नाही. नातीला फोन लावला.

"आज्जी, खात्यात एक यादीची फाइल असते. तिच्यात ज्या फोल्डरांची नावं लिहिशील, ते बॅकअपमधून वगळले जातात. एका ओळीत एक नाव. जे गेलं तरी चालेल, तेच लिही हं."

"मला शिकवू नकोस. दर दसऱ्याला घर झाडायला काढते मी."

आणि बसले लिहायला. दुबार फोटो. चाचणीची पानं. तिसऱ्या ओळीत, अगदी झोकात, रद्दी. आत काय आहे ते क्षणभरही आठवलं नाही. शेजारणीनं डब्यावर लावलेल्या चिठ्ठीवर मी कधी विश्वास ठेवला नसता, स्वतःच्या चिठ्ठीवर ठेवला. डाळीचा डबा भिकाऱ्याला द्यावा, तसं.

पुढच्या उन्हाळ्यात खात्यात काहीतरी घुसलं. वेबसाइट उघडली की भलत्याच जाहिराती. नातीनं खातं पार पुसलं आणि बॅकअपमधून सगळं परत आणलं.

"आज्जी, एकूण एक पाककृती आली बघ."

तेव्हा कुठं आठवलं.

"आणि रद्दी?"

"ती तूच वगळली होतीस ना. का गं, काय होतं त्यात?"

"काही नाही. रद्दीच."

पोरीला कशाला सांगायचं? रडली असती.

त्या दिवशी दुपारी प्रथमच त्यांचा आवाज लावला. जो उरला होता तो. 'येसर दोन चमचे, पाणी बेतानं, मीठ चवीपुरतं.' स्वच्छ, नीट, माझ्या कात्रीखालून गेलेला. कुठंही मी नव्हते. एका जागी मात्र कापताना माझा हात चुकलेला. 'विमान जा' एवढंच ऐकू येतं, आणि लगेच 'कोथिंबीर घालून उतरवा'.

यादीतली तिन्ही नावं मी पुसली. आता काहीच वगळत नाही, म्हणून नव्या फोटोंनी खातं पुन्हा फुगलं, मेल येतात, येऊ देत. थोडी जास्त जागा घेतली की भागेल, असं नात म्हणते.

स्वयंपाक एकटीचाच असतो. विमान आलं की अजून माझा डाव कढईवर थांबतो. आवाज पार हर्सूलकडं विरेपर्यंत मी बोलत नाही, फोडणी जळली तरी. कोणी मधे बोलत नाही. मग मीच म्हणते, "अहो, सुरीनं नव्हती हो कापली, चमच्यानं खाल्ली होती," आणि गॅस बारीक करते.