तपासणीपुरता साधू

भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या बाळारामची मिठागरं गेली, जमीन बिल्डरला गेली, अंगमेहनत सुटली. खाणं मात्र मिठागरातल्या गड्याचंच राहिलं. मग मधुमेह होणार नाही तर काय! रोज सकाळी बायको मंजुळा काचेची सिरिंज उकळून त्याला इन्सुलिन टोचायची. दिवसभर हळूहळू काम करणारं ते औषध. डॉक्टरांनी बजावलं होतं, "उपाशीपोटीची साखर बघून मी डोस थोडाथोडा हलवणार. खाणं रोज सारखं ठेवा, नाहीतर माझा अंदाज चुकेल."

रोज सारखं! या महाशयांचं रोजचं म्हणजे कोलंबीचं कालवण, ताट भरून भात आणि वर भाईंदर स्टेशनाजवळची जिलेबी. पण तपासणी जवळ आली, की दोन दिवस आधी याच्या अंगात साधू शिरायचा. कारल्याचा रस, अर्धी भाकरी, कपाळाला गंध. रक्त देऊन झालं, की स्वारी तडक जिलेबीवाल्याकडे!

रिपोर्ट अर्थातच झकास यायचा. "वा, बाळारामशेठ! डोस कमी करू या," डॉक्टर म्हणायचे. मंजुळा तोंड उघडणार, तोच हा डोळे वटारायचा. घरी येऊन वर दम द्यायचा, "चारचौघांत माजी इज्जत घालवू नको. गप ऱ्हायाचं!"

ती गप राहायची, पण सुईत औषध भरताना रोज चडफडायची. डोस ठरवला साधूचा, आणि टोचायचा या खादाडाला!

मग नव्या कोल्हापुरीने उजव्या पायाचा अंगठा चावला. जखम भरेना, चिघळली, काळी पडली. आणि हा बाबा म्हणतो कसा, "परवा तपासणी हाय. आजपास्नं कारलं कर."

मंजुळाचं डोकंच फिरलं. त्याच पावली त्याला दवाखान्यात नेऊन ती म्हणाली, "डॉक्टर, ह्ये तुमच्याकडं दोन दिस उपाशी ऱ्हाऊन येतात. रोजचा मानूस तुमी बघितलाच न्हाय!"

लगेच रक्त तपासलं. साखर चारशेच्या वर. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. डोस वाढवत नेला, साखर उतरलीही, पण अंगठा हातचा गेला होता. कापावाच लागला.

भावकी बघायला आली, तर हा बेशरम जुने रिपोर्ट काढून बसला. "डॉक्टरच कच्चा! बगा, माजे रिपोर्ट कसे फस्क्लास!"

मंजुळाने कोपऱ्यातली कोल्हापुरी आणून त्याच्यापुढे आपटली. अंगठ्याशिवाय ती आता पायात टिकणार नव्हती.

"फस्क्लास हायेत ना? मंग अंगठ्याच्या जागी रिपोर्ट घाला, आन् चाला."