मंगळुरातले दोन दिवस आणि एक माप

मंगळूरला जायचं ठरलं तेव्हा यादी मी केली. घरात कुठलीही यादी मीच करत असे. अप्पांच्या दुकानातल्या मापवहीचं एक पान फाडलं आणि त्यावर लिहिलं: कद्रीचं देऊळ आणि वरची तळी, टेकडीवरचं भिंतीभर चित्रं काढलेलं चर्च, टिपूचा काळा बुरूज, तिथून होडीनं पलीकडे, समुद्र, गडबड आइसक्रीम, गोळीबजे नावाची भजी. सगळ्यात शेवटी, अगदी बारीक अक्षरात, ‘मुलाची आई’ असं लिहिलं. खरं तर आम्ही तेवढ्यासाठीच चाललो होतो.

मुलगा अक्काच्या, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या, ऑफिसातला. तीन वर्षं म्हैसुरात दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर होती, मग त्याची बदली त्याच्याच गावी, मंगळूरला झाली. तो गेल्यावर अक्कानं जेवण टाकलं, आणि आम्हाला कळायचं ते कळलं. अप्पा म्हणाले, ‘‘आधी गाव बघू, माणसं बघू, मग हो का नाही ते सांगतो.’’ अक्काला त्यांनी तेवढ्यावरच ठेवलं होतं. ती अप्पांच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती, आणि त्यांनी नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाचं नाव काढणारीही नव्हती.

आमचं शिवणकामाचं दुकान म्हैसुरात नजरबाद भागात. आई मी शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून घर आणि अर्धं दुकान अक्काच्या अंगावर होतं. ऑफिसातून आली की ती काज करायला बसे. बायकांची मापंही तीच घेई. अप्पा बायकांच्या अंगाला हात लावत नसत. चार हात लांब उभं राहून नुसतं बघत आणि सांगत, अक्का टेप धरी, मी वहीत लिही. आकडे कन्नडमध्ये. पण गिऱ्हाइकाच्या अंगात काही उणं असेल तर ते मात्र मराठीत. ‘‘पाठीला पोक आहे, अर्धा इंच जास्त धर.’’ ‘‘पोट लपवतेय, श्वास सोडू दे, मग घे.’’ गिऱ्हाईक समोर हसत उभं, त्याला काय कळणार! म्हैसुरात आमची मराठी म्हणजे घरातली आतली खोली होती. बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, आम्ही त्या खोलीत जाऊन वाटेल ते बोलत असू आणि आजवर कुणी आत डोकावलं नव्हतं.

मुलगा नेमका त्या आठवड्यात दौऱ्यावर गेला होता. बसस्टँडवर त्याची आई आली. बारीक, सावळी, केसांत मोगऱ्याचा गजरा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पण गजरा तिनं सोडला नव्हता. मला ते फार आवडलं. कन्नडमध्ये विचारपूस झाली, तिनं अक्काच्या हातातली पिशवी घेतली आणि ती पुढे चालू लागली. अप्पा दोन पावलं मागे राहून मला मराठीत म्हणाले, ‘‘डावा खांदा दीड इंच उतरलाय. आणि ब्लाउज बघ गं, अय्यो, कुणा शिकाऊ माणसानं शिवलाय. बाही कशी ओढतेय!’’

मीही काही कमी नव्हते. घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाले, ‘‘अप्पा, वास घ्या. रोज मासळी शिजते इथं. अक्का बांगडे साफ करताना कशी दिसेल?’’ अक्कानं मला चिमटा काढला आणि ‘‘सुम्ने बस,’’ म्हणून दटावलं. मुलाची आई वळून म्हणाली, हात धुऊन घ्या, नीर दोसे गरम आहेत. त्या दोन दिवसांत तिच्या घरी मासळी शिजली नाही. आम्ही शाकाहारी असल्याचं मुलानं सांगितलं असेल, असं मी गृहीत धरलं. घरी हे लोक कोंकणी बोलतात एवढं आम्हाला ठाऊक होतं. कोंकणी म्हणजे तिथल्या तुळू भाषेची बहीण असणार, असं माझं मत होतं, आणि माझी मतं घरात चालत. अक्का तरी कुठून सांगणार? ती आणि तो आपसात कन्नडच बोलत.

गाव मात्र तिनं मन लावून दाखवलं. कद्रीच्या तळ्यांपाशी तिनं आम्हाला पायऱ्यांवर बसवून थंड पाण्यात पाय सोडायला लावले. चर्चमध्ये अप्पा मान वर करून छताकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं भक्ती जडली. बाहेर येऊन म्हणाले, ‘‘चित्रातल्या झग्यांच्या चुण्या बघितल्यास? कापड जाणणाऱ्या माणसानं काढल्यात.’’ कौलारू घरं, लाल माती, घामानं अंगाला चिकटलेले कपडे. ‘‘इथं कोटाला अस्तर लावणं म्हणजे वेडेपणा,’’ असा निकालही त्यांनी देऊन टाकला. गडबड आइसक्रीमचा उंच पेला समोर आला तेव्हा पहिल्यांदा ते लहान मुलासारखे हसले. तळापर्यंत चमचा घालून त्यांनी एकेक थर तपासला आणि माझ्या पेल्यातला अर्धाही संपवला. मला वाटलं, झालं आपलं काम. मी यादीवर खुणा करत होते आणि शेवटच्या ओळीवरही खूण करायला हात शिवशिवत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुरुजाजवळून होडीनं पलीकडे जाऊन समुद्रावर गेलो. अक्कानं समुद्र कधी पाहिलेला नव्हता. ती साडी घोट्यापर्यंत धरून पाण्यात उभी राहिली आणि लाट आली की ओरडत होती. इतक्या मोठ्यानं ओरडलेली अक्का मी आई गेल्यापासून ऐकली नव्हती. मुलाची आई आमच्यापासून हातभर अंतरावर वाळूत बसून शेंगा सोलत होती.

अप्पा अक्काकडे बघत मराठीत म्हणाले, ‘‘मी उद्या ‘नाही’ म्हणून सांगणार.’’

मला वाटलं चेष्टा करतायत.

‘‘मासळीचं कारण सांगतो. आमच्यात चालत नाही म्हणतो. त्यावर कोण काय बोलणार?’’

‘‘आणि खरं कारण?’’

त्यांनी अक्काकडे बोट केलं. ‘‘ही इतक्या लांब आली तर संध्याकाळी दुकानात मी कुणाशी बोलू? तुझं तुझं कॉलेज. मशीनशी बोलू का? हे लोकांना सांगायला मला लाज वाटते, म्हणून मासळी.’’

मला अप्पांचा संताप आला आणि त्यांना कुशीत घ्यावंसंही वाटलं. तिकडे अक्का लाटेत उभी राहून आम्हाला हात करत होती. मी हात केला. मुलाच्या आईनं शेंगदाण्यांची मूठ माझ्यापुढे धरली. मी ते घेतले, पण तिच्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बसस्टँडवर सोडायला आली. बस लागायला अवकाश होता. अप्पांनी घसा साफ केला आणि कन्नडमध्ये सुरुवात केली, की तुमचं घर चांगलं, तुम्ही चांगल्या, पण काय आहे अम्मा, आमच्यात मासळी...

तिनं हात वर केला. ‘‘मक्का पूरा कळता,’’ ती म्हणाली.

ते कोंकणी होतं. आणि आम्हा तिघांनाही ते समजलं: मला सगळं कळतं. माझे कान तापले. दोन दिवसांत मी काय काय बोलले होते ते सगळं एकदम आठवलं.

मग ती सावकाश, तिच्याच भाषेत बोलली, आणि शब्द न् शब्द आमच्यापर्यंत पोचला. म्हणाली, खांदा उतरला तो विहिरीच्या घागरींनी, नळ फार उशिरा आला. ब्लाउज मीच शिवलाय, वाईट आहे हे खरंच. मासे मी उद्या सोडीन, पण त्यानं तुमचं दुखणं जाणार नाही. माझा मुलगा तीन वर्षं तुमच्या गावी होता. एकटीनं जेवायला बसणं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मुलगी द्याच असं मी म्हणणार नाही. पण नाही म्हणायचं तर मुलीला खरं कारण सांगून म्हणा. ते माशांच्या गळ्यात घालू नका.

अक्का अप्पांकडे बघत होती. ‘‘कसलं खरं कारण?’’

अप्पांनी ते सांगितलं. बसस्टँडवर, कंडक्टर गावांची नावं ओरडत असताना, मराठीत सांगितलं. आता ती भाषा आमच्यापुरती राहिली नव्हती, तरी त्यांनी आवाज खाली केला नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी अक्कानं त्यांच्या शर्टाची बाही घट्ट धरली आणि रडली. अप्पांचेही डोळे भरले. मी यादीचा कागद उगाचच घडी करत आणि उलगडत राहिले.

जरा वेळानं अप्पांनी खिशात हात घातला. तिथं टेप कायमची असे, देवळात जातानासुद्धा. ती त्यांनी अक्काच्या हातात ठेवली.

‘‘माप घे,’’ ते म्हणाले. ‘‘असला ब्लाउज घालून माझ्या लेकीच्या मांडवात कुणी उभं राहायचं नाही.’’

अक्कानं डोळे पुसले आणि सासूच्या पाठीला टेप लावली. अप्पा नेहमीसारखे चार हात लांब जाऊन उभे राहिले. मी यादी उलटी करून कोऱ्या बाजूवर लिहू लागले. छाती, कंबर, बाही, दंड. आजूबाजूचे प्रवासी बघत होते. खांद्यापाशी येऊन अक्का थांबली. अप्पा दुसरीकडेच बघू लागले. माझं पेन कागदावर टेकून राहिलं.

‘‘लिही ना गं,’’ मुलाची आई मला म्हणाली. ‘‘डावा खांदा, दीड इंच उतरलेला.’’

अप्पांनी मान वर केली.

‘‘सव्वा लिही,’’ ते म्हणाले. ‘‘परवा मी नीट बघितलं नव्हतं.’’