साठ मिनिटांचा झेंडा

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुटांच्या नाड्या बांधत होतो. पलीकडून त्याचा मेहुणा बोलत होता, "भैया, भाऊजी गेले… पहाटे." मेंदूत रक्तस्राव होऊन तो दोन दिवस आयसीयूत होता, त्यामुळे बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. पण त्या क्षणी मनात पहिल्यांदा काय आलं, ते आज दीड महिन्यानं लिहून टाकतो. चला, आता हा मला कधीच विचारणार नाही. सुटलो… मग रडू आलं. तेही खरंच होतं, पण ते दुसरं.

आम्ही दोघं रायपूरला एकाच सरकारी कार्यालयात, एकाच वर्षी लागलो. दोघंही विदर्भातून आलेल्या घरांतले. कार्यालय शहराबाहेरच्या नव्या राजधानीत हललं तेव्हा शहरातल्या तेलीबांध्याहून एकाच बसनं जायचो, डबा एकत्र खायचो. बदल्यांची यादी निघायची होती म्हणून मी अर्ज दिला, की आई अंथरुणाला खिळली आहे, रायपूर सोडता येत नाही. आई तेव्हा ठणठणीत होती. हे फक्त दिवाकरला सांगितलं होतं. एक दिवस साहेबांनी सगळ्यांसमोर आईची चौकशी केली आणि हा गडी हसत हसत बोलून गेला, "याची आई? सर, परवाच पंडरीच्या बाजारात भेटली मले. साडीवाल्यासंग भांडून राहिली होती!" अख्खं सेक्शन हसलं. साहेबही हसले. आठ दिवसांत माझ्या हातात तीनशे किलोमीटरवरच्या जगदलपूरची बदलीची ऑर्डर पडली. "अबे, तोंडातून निघून गेलं यार," दिवाकर म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे.

दुसऱ्या वर्षी आई खरोखरच आजारी पडली. ती गेली तेव्हा मी वाटेत, केशकालच्या घाटात, बसमध्ये होतो. पोचलो तर दिवाकरनं सगळी तयारी करून ठेवलेली. शेवटचं पाणीसुद्धा त्यानंच तिच्या तोंडात घातलं होतं. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा. मला त्याचा गळा धरावासा वाटला… माझ्या हातचं पाणीही यानंच हिरावलं. मुळात खोटं मी लिहिलं होतं, हे कळत होतं मला. राग त्यामुळेच वाढला.

जगदलपूरच्या रिकाम्या संध्याकाळी मी धावायला लागलो होतो. रायपूरला परतल्यावर दौडीवाले मला पेसर म्हणून बोलावू लागले. पेसर म्हणजे पाठीवर वेळेचा आकडा लिहिलेला झेंडा बांधून ठरल्या गतीनं धावणारा माणूस. दहा किलोमीटरला साठचा झेंडा, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, ना कमी ना जास्त. नवखे लोक डोळे मिटून त्या झेंड्यामागं धावतात.

सहा वर्षांपूर्वी लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनांसाठी तेलीबांध्याहून अशी एक दौड निघाली. दिवाकर तेव्हा नुकताच धावायला लागला होता. त्यानं सेक्शनमध्ये जाहीर केलं, "एका तासात पोचलो तरच त्या पोट्ट्यांसाठी पैसे द्या. नाही पोचलो, त नका देऊ." आणि मला म्हणाला, "तुझ्या झेंड्यामागं येतो. तू आहे त मले काय टेन्शन!"

मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. पहिले तीन किलोमीटर मी सव्वापाच मिनिटांच्या गतीनं काढले. नवख्या माणसाचा दम त्यातच संपतो, त्याला फक्त ते जरा उशिरा कळतं. दिवाकर माझ्या खांद्याशी होता, तोंड लालबुंद.

"काहून रे, जास्त पळवून राहिला का तू मले?"

"उतार आहे, म्हणून वाटते तसं." रस्ता सपाट होता.

त्यानं एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "हव," म्हणाला, आणि मागं येत राहिला.

सातव्या किलोमीटरला तो दुभाजकाची जाळी धरून ओकत होता. आणखी दोन-तीन जण त्याच्या मागं रखडले होते, त्यांचा तर काहीच गुन्हा नव्हता. मी गती कमी केली आणि बरोबर एका तासाला झेंडा पोचवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवाकर रुग्णवाहिकेतून आला. दुसऱ्या दिवशी सेक्शनमध्ये काहींनी पैसे दिले. काही म्हणाले, शर्त तर तुझीच होती ना, भैया? माझा सूड त्या आजारी मुलांपर्यंत पोचला होता, हे मला तेव्हाच कळलं. पण खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं होतं. खूप बरं वाटलं होतं.

पुढं सहा वर्षं आम्ही डबा एकत्रच खाल्ला. आज सांगू, उद्या सांगू… त्यानं एकदाही विचारलं नाही. त्याला काही कळलंच नाही, असं मी स्वतःला पटवत राहिलो.

गेल्या रविवारी दिवाकरच्या घरी सुनीता वहिनींना भेटायला गेलो. हॉलच्या भिंतीवर छोट्या-मोठ्या दौडींची त्याची पदकं ओळीनं टांगलेली. मधला एक खिळा मोकळा. मी पाहतोय हे पाहून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तो तुमचा खिळा."

"माझा?"

"त्या पोट्ट्यांवाल्या दौडीहून पदकाविना आले, आंघोळ नाही केली, पहिले हातोडी मागितली. मले म्हणे, पहिल्याच किलोमीटरले समजलं होतं. आईचं उट्टं काढून राहिला होता तो, काढू दिलं. मी म्हटलं, माफ केलं त मग खिळा काहून ठोकता? तर हसले. म्हणे, मी काय देव आहो? येईल तेव्हा बसू दे त्याले याच्यासमोर."

प्रत्येक दिवाळीला मी त्या घरी फराळाला गेलो आहे. प्रत्येक वेळी दारातच तो म्हणायचा, "तिथं बस, पंख्याखाली." पंख्याखालच्या खुर्चीतून समोर तोच खिळा दिसतो. सहा वर्षं मी तिथं बसून त्याच्यासमोर चिवडा खाल्ला, पदकांचं कौतुक केलं, आणि तो मला आग्रह करकरून वाढत राहिला. माझा सूड एका तासात संपला होता. त्यानं त्याचा पुरवून पुरवून खाल्ला… आणि मेल्यावरही जिंकला, याचा मला आत्ता हे लिहितानाही राग येतोय.

"पुढच्या महिन्यात घर रंगवायचं आहे," वहिनी म्हणाल्या. "काढून टाकू का तो?"

"नको," मी म्हटलं. त्या चहा टाकायला आत गेल्या. हॉलमध्ये बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. मी पंख्याखाली जाऊन बसलो.