चिकटपट्टीचा तुकडा

माझा थोरला भाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला आणि त्याला जुन्या दिवसांचं वेड लागलं. बाहेरच्या खोलीत दादाने सगळी डबडी मांडली: तबकडीचा फोन, तीन रेडिओ, एक टेपरेकॉर्डर. टेपरेकॉर्डर सोडला तर एकही धड वाजत नाही. पण पाहुणा आला की प्रवचन सुरू. "आमच्या काळी माणसांना माया होती!" माया! याच टेपरेकॉर्डरला बोट लावलं म्हणून याने लहानपणी माझी वेणी ओढली होती. नाचता येईना अंगण वाकडं. साहेबांना मोबाइल जमत नाही, म्हणून अख्खा जमाना वाईट.

माझ्याकडे आईची एक कॅसेट होती. मी होस्टेलला होते, आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने बोलून पाठवलेलं पत्र. आता ती नाही. तिचा आवाज एवढाच उरला होता. त्यावर कुणी चुकूनही दुसरं काही भरू नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पत्ती मी तेव्हाच मोडून टाकली होती.

फीत गुंतली, आणि माझी अक्कल शेण खायला गेली. कॅसेट दादाकडे नेली. म्हटलं, नीट कर, मग मी ती मोबाइलमध्ये भरून घेते.

"त्यात आवाज मरतो गं," तो हसला. "ठेव इथे. जपणं म्हणजे काय ते आम्हाला विचार."

पंधरा दिवसांनी गेले तर वहिनी माझ्याकडे बघेना. मोडलेल्या पत्तीच्या जागी चिकटपट्टीचा तुकडा होता. भोक बुजवलं की कॅसेट पुन्हा भरता येते, ही विद्या असल्याच पंडितांना ठाऊक.

"दादा, हे काय?"

"अगं, मंडळात भाषण होतं, 'ते दिवस' या विषयावर. तालमीला कोरी कॅसेट कुठे मिळते हल्ली? मला वाटलं, ही बाजू रिकामी असेल."

"ऐकून बघायचं तरी!"

"घाई होती गं."

मी बटण दाबलं. आधी दादाचं खाकरणं, मग वीस मिनिटं, "त्या काळी आपण माणसांचे आवाज जपायचो..." मी त्याला उठू दिलं नाही. सगळं ऐकवलं. मग खट्ट झालं आणि शेवटी आई उरली होती, जेमतेम दोन वाक्यं.

"बरं, थांबते आता. दादा म्हणतोय, उगाच कॅसेट वाया घालवू नकोस."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दादा आता तरी मान खाली घालेल असं वाटलं. तो टेपरेकॉर्डरवर हात फिरवत म्हणाला, "बघ, इतकी वर्षं झाली, तरी आवाज केवढा स्वच्छ!"