हॉलमधलं टेबल

विमलताईंबद्दल मी लिहावं की नाही, याचा विचार करण्यातच बरेच महिने गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पोस्टकार्डापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि ती पोस्टकार्डंही बहुधा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. शिवाय त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. नागपूरच्या महाल भागात त्यांच्या वडिलांच्या घरी मी कॉलेजची वर्षं एका भाड्याच्या खोलीत काढली, एवढाच संबंध. त्यांच्यापैकी कोणी हे वाचलं आणि ‘तुले कोणी सांगितलं होतं गा लिहायले?’ असं विचारलं, तर त्यांचं चुकणार नाही. तरी लिहितो. यात काही वेडंवाकडं दिसलं, तर ते मला नीट मांडता आलं नाही असं समजावं. विमलताईंना बोल लावू नये.

विमलताईंना हॉटेलात जायची भारी हौस, आणि हॉटेलात धड बसता मात्र येत नसे. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं ‘पाणी’ म्हटलं की या खुर्चीतून अर्ध्या उठत. कोणाची चटणी संपलेली दिसली की यांचा हात वाटीकडे जाई. वेटर हसून म्हणायचा, “ताई, बसा ना तुम्ही. माझी नोकरी खाता काय?” मग त्या बसत, पण टेबलाखाली त्यांचा गुडघा शिवणयंत्राच्या पायट्यावर असल्यासारखा हलत राही. समोर डोसा आला की पहिला घास तोंडात घालून डोळे मिटत आणि मला म्हणत, “गरम आहे तोवर खा गा बी.ए. बोलणं मागून.”

मी तेव्हा बी.ए. झालेलो नव्हतो. नरखेड तालुक्यातल्या खेड्यातून आलेला, पहिल्या वर्षाला असलेला मुलगा होतो. पण पहिल्या दिवसापासून त्या मला ‘बी.ए.’च म्हणत. “आधीपासून म्हटलं म्हणजे लाजेनं तरी पास होशील,” हे त्यांचं कारण.

त्या घरात जेवणाचा एक क्रम होता. आधी विमलताईंचे वडील, म्हणजे नाना. ते कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. मग कोणी पाहुणा पुरुष असेल तर तो. मग सगळं आवरून झाल्यावर माई, म्हणजे विमलताईंची आई. आणि सगळ्यांच्या शेवटी, तव्यावर निवलेली पोळी आणि तळाला राहिलेलं वरण घेऊन विमलताई. आमच्या गावाकडेही बायका मागूनच जेवत. त्यामुळे त्यात मला सुरुवातीला काही वेगळं दिसलं नाही. वेगळं होतं ते असं, की नाना त्यांच्याशी जेवणाच्या वेळी एक अक्षर बोलत नसत.

त्याचं कारण विमलताईंनीच मला सांगितलं. त्यांचं सासर वर्ध्याकडचं, माणसांनी भरलेलं. एकदा लग्नकार्याच्या धावपळीत दिवसभर पोटात काही नव्हतं, म्हणून त्या पुरुषांची पंगत उठायच्या आधीच स्वयंपाकघरात ताट घेऊन बसल्या. सासूनं समोरचं ताट ओढून नेलं. विमलताई हात धुऊन उठल्या आणि तशाच एस. टी.नं नागपूरला आल्या. परत गेल्या नाहीत.

“लोक म्हणतात टाकलेली आहे,” त्या म्हणाल्या. “टाकाले मी काय केरसुणी आहे? मी उठून आली.”

नानांचं म्हणणं एवढंच होतं, “एका ताटासाठी संसार मोडला.” हे वाक्य त्यांनी एकदाच उच्चारलं असेल, पण ते त्या घरात घड्याळासारखं सतत वाजत होतं. नाना वाईट माणूस नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे. संध्याकाळी ते मला ओट्यावर बसवून इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावत आणि माझे उच्चार सुधारत. माझा त्यांना कधी कंटाळा आला नाही. त्याच वेळी विमलताई आतून दाराशी येऊन उभ्या राहत आणि परत आत जात.

त्या एका शिवणवर्गात शिकवत. रविवारी दुपारी त्या माईंना आणि मला घेऊन बर्डीच्या बाजारात निघत. मी लागायचो तो सोबतीला पुरुष हवा म्हणून. दोघी बायका एकट्या हॉटेलात शिरल्या तर गल्ल्यावरचा माणूस वर-खाली बघायचा. कधी शिवणवर्गातल्या मैत्रिणीही येत, मग मोठी गंमत व्हायची. एवढ्या बायका आणि एक मी! एक मैत्रीण म्हणाली, “काहून वं विमल, हा तुमचा पहारेकरी तर सगळ्यात जास्त भेऊन राहिला.” मला खरंच घाम फुटलेला असे. आलूबोंडा हातानं खायचा की चमच्यानं, हेही मला ठाऊक नव्हतं.

हॉटेलात बायका आल्या की वेटर आपोआप मागच्या बाजूला, फॅमिली रूमकडे हात करी. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचं खोकं, त्याला एक मळका पडदा, आत पंखा नाही. विमलताई तिकडे पाहतही नसत. सरळ हॉलच्या मधल्या टेबलाशी जाऊन खुर्ची ओढत.

माई पदर पुढे घेऊन कुजबुजत, “आत चाल वं. लोक पाहून राहिले.”

“पाहू दे. जेवायले आली, चोरी कराले नाही आली.”

पोटात दोन घास गेले की मात्र त्यांचं लक्ष दाराकडे लागे. एकदा मी विचारलं, कोणी येणार आहे का? त्या म्हणाल्या, “हाटेलात आधी कोण, मागून कोण, असं नसते. एकाच वेळी ताटं येतात, एकाच वेळी सगळे बसतात. नाना एकदा इथं आले ना गा, तर त्याइले माह्यासमोर बसून जेवाच लागन. घरी नाही जमत, इथं जमन.”

हे त्या इतक्या वेळा आणि इतक्या साध्या आवाजात बोलून दाखवत, की मलाही ते अगदी शक्य वाटू लागलं. आणि मग माझीही रविवारची शांतता गेली. कोणी धोतर नेसलेला म्हातारा हॉटेलच्या पायरीवर दिसला की माझाही घास हातात थांबायचा.

मी खरोखर बी.ए. झालो तेव्हा नाना यायला तयार झाले. मीच आग्रह केला. ते म्हणाले, “बाहेरचं मला सोसत नाही. पण तुझा दिवस आहे.” विमलताई त्या दिवशी सकाळपासून घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या. त्यांनी साडी दोनदा बदलली. माईंच्या पदराला स्वतः पिन लावली.

नाना फॅमिली रूममध्येच बसणार, हे ठरलेलंच होतं. विमलताईही त्या दिवशी मधलं टेबल सोडून आत आल्या. नाना आणि मी एका बाजूला, समोर विमलताई आणि माई. मी चार थाळ्या सांगितल्या. वेटर वळला, तेवढ्यात नाना म्हणाले, “दोन आधी आण. बायकांच्या मागून.”

“साहेब, चारही तयार आहेत.”

“असू दे. आमचं झालं की आण.”

ते रागानं बोलले नाहीत. ‘चपला बाहेर काढ’ म्हणावं, इतक्या सवयीनं बोलले. माई तर तोवर उठून पडद्याशी उभ्याही राहिल्या होत्या, वाढायला.

“नाना,” विमलताई म्हणाल्या, “हे हाटेल आहे. इथं पंगत नसते.”

“पंगत माणसाच्या मनात असते, विमल. जागा बदलली म्हणून ती बदलत नाही.” आणि थोडं थांबून, “जेवू दे त्याला. पोरगा पास झाला आहे.”

दोन थाळ्या आल्या. वरणावर तूप होतं, पोळ्यांतून वाफ निघत होती. विमलताई उठल्या. मला वाटलं, नेहमीसारख्या वाढायला उठल्या. पण त्यांनी पडदा बाजूला केला आणि त्या बाहेर गेल्या. त्यांचा आवाज आला, “एक थाळी. आत्ता.”

पडद्याची कड माईंच्या हातात होती. त्या ना आत होत्या, ना बाहेर. मधल्या फटीतून मला विमलताई दिसत होत्या; हॉलच्या मधल्या टेबलावर एकट्या, ताठ, भराभर जेवत. नानांनी त्या दिशेला मान वळवली नाही. “भाजी घे,” ते मला म्हणाले. “तिखट नाही.”

परत येताना नाना आणि माई रिक्षानं गेले. विमलताई आणि मी पायी निघालो. त्या इतक्या वेगानं चालत होत्या की मला मधूनमधून पळावं लागत होतं.

“तुह्या पोळ्या कशा होत्या गा बी.ए.?”

“गरम होत्या.”

“माह्याही.” खूप पुढे आल्यावर, टिळक पुतळ्याशी, त्या थांबल्या. “नाना समोर असते ना, तर शिळ्याही चालल्या असत्या.”

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला हाक मारली नाही. आणि लवकरच मला चांदा जिल्ह्यातल्या एका शाळेत नोकरी लागली. निघताना त्यांनी शिवलेला एक सदरा दिला आणि “तिकडे मास्तर झाला म्हणून बायकोले मागून जेवू घालशीन, तर पाह्य,” अशी तंबी दिली. मी दोन-तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. त्यांना पत्र लिहायचा कंटाळा होता.

पुढची बातमी मला चांद्याच्या एस. टी. स्टँडवर कळली. महालातले शेजारी गुलाबराव, सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले, तिथं अचानक भेटले. त्यांची गाडी लागायची होती आणि ते उभ्या उभ्या बोलत होते.

“नाना गेले ना गा. तुले कोणी कळवलं नाही? दिवाळीच्या आधी.”

“आणि विमलताई?”

“तिचं काय सांगू तुले! तेरवीची पह्यली पंगत बसली, सगळे मोठेमोठे मानसं. अन् ही बाई येऊन पत्रावळीवर बसली ना गा, मधोमध! तिचे काका म्हणे, उठ वं, बायकाइची मागून. तर म्हणते कशी, माह्या बापाचं जेवण आहे, मी त्याच्यासंगं जेवून राहिली.”

“मग?”

“मग काय! अर्धी पंगत उठून गेली.”

“तुम्ही?”

गुलाबरावांनी गाडी येते का ते पाहिलं. “मी कायले उठू? सकाळपासून मंडपाचं काम करून राहिलो होतो. भूक लागली होती.”

“आणि विमलताईंना वाढलं कोणी?”

“कोणीच वाढे ना. वाढणारे पोट्टे भांडे घेऊन नुसते उभे. मग आतून माई आली. आता नवरा गेलेल्या बाईनं त्या दिवशी बाहेर येवाव काय, तूच सांग! आली, पोट्ट्याच्या हातचं भाताचं भगोनं ओढून घेतलं, पोरीले वाढलं. मग बाजूची पत्रावळ रिकामी झाली होती, तिच्यावर सोताले वाढलं, अन् बसली.”